पिसे बांधलेली कुबडी

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार माझ्या काकांचे आहेत. वडिलांचे ते धाकटे भाऊ. ग्वाल्हेर दरबारच्या शिकारखान्यात ते कुत्र्यांच्या देखभालीवर होते. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटते, काकांनी माझी फी भरली असेल. फी माफ होती. काकांनी मला कॉलेजपर्यंत पोचवले, आणि तेही स्वतः बरोबर न येता. ते कसे, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे.

आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या वस्तीत राहिले. वडीलही फौजेतच होते. मी लहान असताना ते गेले. आठव्या वर्षी मला ताप आला. ताप उतरला, पण त्याने पाय नेले. डावा पाय पूर्ण लुळा आणि उजव्यात नावापुरता जीव. आई मला पाठुंगळी घेऊन वैद्य, डॉक्टर, देवऋषी सगळे फिरली. शेवटी काका म्हणाले, वहिनी, पाय जाऊ द्या, डोकं शाबूत आहे, त्याचं काय करायचं ते बघू. दुसऱ्या दिवसापासून ते मला सायकलच्या दांडीवर बसवून गोरखीतल्या शाळेत सोडू लागले. मॅट्रिकपर्यंत मी त्या दांडीवरून शिकलो.

कॉलेजचे तसे जमेना. मी अंगाने वाढलो होतो, आणि कॉलेजची वेळ नेमकी कुत्र्यांना खायला घालण्याची. मग सुताराकडून कुबड्या करून घेतल्या. कुबड्यांवर मी हळूहळू का होईना, चालत असे. अडचण निराळी होती. मला वाकता येत नसे. एक कुबडी निसटून पडली की मी जागच्या जागी अडकलो. आणि मीच पडलो तर कोणी उठवल्याशिवाय उठणे नाही. म्हणून प्रत्येक पाऊल टाकताना पुस्तकांचा, परीक्षेचा, कशाचाच विचार मनात येत नसे. हातातले लाकूड घट्ट आहे ना, एवढाच.

एकदा बाड्याच्या चौकात भर बाजारात डाव्या हातातली कुबडी निसटली आणि घरंगळत टांग्यांच्या रांगेखाली गेली. मी विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. हाक मारायची लाज वाटत होती. माणसे जात-येत होती. बऱ्याच वेळाने एक फळवाली बाई जवळ आली, तिने माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या गळ्यातल्या दप्तरात, पुस्तकांवर, एक पेरू ठेवून निघून गेली. तिने दयाच केली. पण कोणीतरी कुबडी काढून दिल्यावर मी घरी येऊन आईला म्हणालो, मला आता कॉलेजला जायचे नाही.

आईने ते काकांना सांगितले. त्यांनी तो पेरू कापला, मीठ लावून आम्हा तिघांना वाटला आणि कामावर गेले.

तेव्हा संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती. आम्ही मध्य भारत नावाच्या प्रांतात राहत होतो. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. शिकारखाना बंद पडला नव्हता, पण त्यात शिकार उरली नव्हती. चांगली कुत्री विकली गेली. माणसांना सांगण्यात आले, तुम्हाला नव्या सरकारात सामावून घेऊ, हुकूम येईल. एक काळी कुत्री मात्र कोणी घेतली नाही, कारण तिच्या एका डोळ्यात फूल पडले होते. तिला गोळी घालायचे ठरले. काकांनी साहेबांकडे तिला मागितले. साहेब म्हणाले, ले जाइए, आणि काका तिला दोरी न बांधताच चालवत घरी घेऊन आले.

तिला साहेबी नाव होते. काका ते कधी घेत नसत. ते तिला बाईसाहेब म्हणत आणि अहो-जाहो करत. कुत्तेखान्याचा रिवाजच तसा होता. कुत्रे सरकारांचे, म्हणजे महाराजांचे, त्याला अरे-तुरे करायची कोणाची छाती? आई म्हणाली, घरात आम्हाला मेलं कोणी बाईसाहेब म्हणत नाही आणि हिचा थाट बघा. काका गंभीरपणे म्हणाले, वहिनी, बाईसाहेबांना सवय नाही, सांभाळून घ्या.

बाईसाहेबांचे काम शिकारीत पडलेले पाखरू उचलून आणण्याचे. पाण्यातून, काट्यांतून तित्तर तोंडात धरून आणायचे, पण पिसाला दात लागता कामा नये. काकांनी माझ्या दोन्ही कुबड्यांच्या टोकाजवळ तित्तराची पिसे सुतळीने करकचून बांधली. मग कुबडी अंगणात फेकली. तिने वास घेतला, एकदा काकांकडे पाहिले, आणि ती लांबलचक लाकडी वस्तू पाखरासारखी अलगद उचलून माझ्या हाताशी आणून धरली. मी घेईपर्यंत तिने ती सोडली नाही. आई पदराने डोळे पुसू लागली. मला मात्र हसू येत होते, किती दिवसांनी.

त्यानंतर वही, चप्पल, दप्तर, सगळ्यालाच पिसे लागली. काकांनी घोड्याच्या खोगिराच्या जुन्या तंगाचा पट्टा करून तिच्या पाठीवर बांधला. मी पडून खूण केली की ती जवळ येऊन पाय रोवून उभी राहायची. मी तो पट्टा धरून आधी गुडघ्यावर आणि मग कुबडीवर यायचो. दाराच्या कडीला बांधलेली चिंधी ओढून ती दार उघडायची. कॉलेजात ती वर्गाबाहेर पायरीवर बसे. मुले पिसे बघून म्हणत, आ गए शिकारी. पहिले काही दिवस मला ते लागले. नंतर मीच त्यांना सांगू लागलो की आज गणिताचे मास्तर मारून आणणार आहे. इंटर पास झालो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आलो. इतका सुखाचा काळ माझ्या तरुणपणात दुसरा नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. कुत्तेखान्याचा पहिला नियम असा की हुकमाशिवाय कुत्रे हलणार नाही. पाखरू समोर फडफडत पडले असले तरी नाही. सरकार उजवा हात खांद्यापर्यंत उचलतील, खाली आणतील, मग कुत्रे सुटेल. डाव्या हाताने हुकूम देत नाहीत. आणि भुंकायचे नाही, शिकारीत भुंकणारे कुत्रे कामाचे नाही. काकांनी बाईसाहेबांना असेच घडवले होते आणि मलाही तसेच शिकवले: हात वर, हात खाली. त्यांना याचा फार अभिमान होता. म्हणायचे, अंगावर वीज पडली तरी हलणार नाहीत.

माघातली दुपार होती. कॉलेजातून परतताना मी नाल्यातून जाणारी जवळची वाट धरली. नाला कोरडा होता, उतरायला दगडी पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर कुबडीचे टोक फटीत गेले आणि मी पालथा खाली आलो. उजवा हात अंगाखाली मुडपला. कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. कुबड्या खाली नाल्याच्या पात्रात गेल्या.

बाईसाहेब पायऱ्या उतरून माझ्याजवळ आल्या आणि बसल्या. ताठ, कान उभे करून. त्यांचा चांगला डोळा माझ्या उजव्या खांद्यावर होता. त्या हुकमाची वाट पाहत होत्या.

मी डावा हात उचलला, खाली आणला. ती बघत राहिली. मी म्हणालो, आणा बाईसाहेब, आणा. मी रडलो, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. ती थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती, पण हलली नाही. एकदा ती अर्धी उठली आणि चूक झाल्यासारखी पुन्हा खाली बसली. मी तिच्या पट्ट्याकडे डावा हात नेला, तो पोचत नव्हता, वीतभर कमी पडत होता. ऊन पायऱ्यांवरून वर सरकत गेले. मला थंडी वाजू लागली. मी मरणार नाही हे मला कळत होते. पण माझे शिक्षण, माझी नोकरी, माझ्या जिवावर आईने मांडलेले सगळे त्या वीतभर अंतरात संपले, असे मला वाटले, आणि ते वाटणे मरणापेक्षा बरे नव्हते.

शेवटी एका धोब्याने मला वर काढले. तो दुपारीच तिथून कपड्यांचे गाठोडे घेऊन गेला होता, आणि आता परतत होता. तो माझ्या आईला म्हणाला, "हम समझे बाबू सुस्ता रहे हैं. कुत्ता तो आराम से बैठा था."

हात प्लास्टरमध्ये गेला. परीक्षा चैत्रात होती. डॉक्टर म्हणाले, लिहिता येईल, पण तोवर हात वापरायचा नाही. काका त्या रात्री जेवले नाहीत. पागोटे काढून मांडीवर ठेवून बसले होते. बाईसाहेब त्यांच्या पायाशी. काका म्हणाले, "मी हिला दरबार शिकवला. घर शिकवायला पाहिजे होतं."

आणि नेमका त्याच आठवड्यात काकांच्या नेमणुकीचा हुकूम आला. इतकी वर्षे ते रोज धुतलेला साफा बांधून ऑफिसासमोरच्या बाकावर जाऊन बसत होते. आत जाऊन विचारत नसत. अधिकाऱ्याने विचारल्याशिवाय आपण तोंड उघडायचे नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. आई चिडून म्हणायची, "भावोजी, तुम्ही आणि बाईसाहेब एकाच शाळेतले." आता नवा मोठा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी सुरू झाली होती आणि जुन्या खात्यांची माणसे भराभर वाटली जात होती. काकांना शिवपुरीकडच्या जंगलातल्या एका चौकीवर नेमले होते. पाडव्याच्या आत हजर व्हायचे, नाहीतर नोकरी गेली.

घरात कमावणारे ते एकटे. ते गेले तर मला परीक्षेला कोण नेणार? कुत्रीवर आता भरवसा नव्हता. ते न गेले तर आम्ही खाणार काय? मी म्हणालो, परीक्षा पुढल्या वर्षी देईन. पुढल्या वर्षी काय असेल, ऑफिसे इथे असतील की नाही, माझ्यासारख्याला कोण घेईल, हे तिघांनाही कळत होते.

काका दुसऱ्या दिवशी बाकावरून उठले आणि न बोलावता आत गेले. परीक्षेपुरती मुदत द्या म्हणाले. आतून उत्तर मिळाले, "दादा, अब आप दरबार में नहीं हैं. जाइए, या छोड़ दीजिए." ते घरी आले. नकाराचे त्यांना तेवढे वाटले नव्हते, आपण न विचारता बोललो याचे जास्त वाटले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, चला बाईसाहेब.

त्या दिवसापासून ते अंगणात पडू लागले. साठीकडे झुकलेला, सरळ पाठीचा माणूस. दोन्ही हात अंगाखाली घ्यायचे आणि धाडकन पालथे पडायचे. बाईसाहेब जवळ येऊन बसायच्या आणि वाट पाहायच्या. काका निपचित पडून राहायचे. मग उठायचे, धूळ झटकायचे, पुन्हा पडायचे. शेजारचे गच्चीवरून बघायचे. एकजण म्हणाला, काय हो, कोणते आसन म्हणायचे हे? काका पडल्या पडल्याच म्हणाले, कुत्रासन, या शिकायला. पण दारामागे गेल्यावर त्यांचा चेहरा पाहवत नसे. गुडघे सोलवटले होते. जे तिच्यात घालायला त्यांनी वर्षे घेतली होती ते काढायला त्यांच्याकडे पाडव्यापर्यंतचाच वेळ होता.

तिला मारून उपयोग नव्हता, ओरडून तर नाहीच. ती जितकी घाबरे तितकी जास्त स्थिर बसे. मग त्यांनी तिला एक दिवस उपाशी ठेवले आणि साजूक तुपाची पोळी छातीखाली घेऊन पडले. ती बसली. पोळीचा वास येत होता, ती कण्हत होती. संध्याकाळ होत आली. मी खाटेवरून बघत होतो आणि मला वाटत होते की आता काकांना उठवावे, हे पुरे झाले. तेवढ्यात ती उठली. हुकमाशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा. पुढे आली, काकांच्या बगलेत तोंड घातले, आणि भीतीने तिथेच तिला लघवी झाली. काकांनी तिला त्या ओल्यातच मिठी मारली. "शाब्बास बाईसाहेब, मोडला कायदा, शाब्बास," असे म्हणत ते रडत होते. काकांना रडताना मी तेव्हाच पाहिले.

मग ती पडलेल्याची कुबडी न सांगता आणू लागली. कधी आणायची, कधी बसून राहायची. भुंकायला शिकवणे त्याहून अवघड गेले. काका स्वतः भुंकून दाखवायचे, आणि आई म्हणायची, आता चौकीवर काय दिवे लावाल ते दिसतंच आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी ती एकदाच भुंकली, तेही दबक्या आवाजात. काका म्हणाले, झालं, आता येईल. त्यांच्या आवाजावरून मला कळले की त्यांची खात्री नाही. सकाळी ते पडाववरच्या अड्ड्यावरून मोटारीने गेले. बाईसाहेब मोटार दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिल्या.

काका परत आले नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांना जंगलातला ताप लागला. मी त्यांना जे पत्र पाठवले ते चौकीवर पोचले तेव्हा ते हयात होते, एवढे मला नंतर कळले. त्यांनी ते वाचले का, हे सांगणारा कोणी भेटला नाही. टाकण्याआधी मी ते कच्चे लिहून काढले होते, तेच इथे उतरवतो.

तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षरे मोठी काढली आहेत, म्हणजे चष्म्याशिवाय लागतील. मी बी.ए. पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. आईने आळीत पेढे वाटले आणि बाईसाहेबांना तुमच्या वाटणीचे दोन दिले.

पेपरांच्या दिवसांत काय झाले ते मी तुम्हाला कळवले नाही, तुम्ही काळजी कराल म्हणून. तिसऱ्या पेपरला जाताना पुलाच्या उतारावर मी पडलो. उजवा हात अंगाखाली गेला. तसाच, त्या दिवसासारखा. बाईसाहेब जवळ आल्या आणि बसल्या. माझ्या खांद्याकडे बघू लागल्या. काका, मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटले, संपले. मग कुबडीचे पीस माझ्या गालाला लागले. त्यांनी ती आणली होती. पण हात निघेना, म्हणून मला ती धरता येईना. तर त्यांनी ती खाली ठेवली, रस्त्यात गेल्या आणि एका टांग्यासमोर उभ्या राहून भुंकल्या. मोठ्याने, साऱ्या रस्त्याने ऐकावे असे. घोडा बुजला, टांगेवाला शिव्या देत उतरला आणि मला बघून धावत आला. मला टांग्यात घालून त्याने कॉलेजात सोडले. मी उशिरा पोचलो, तरी बसू दिले. हात दुखत होता, तरी लिहिले. टांगेवाला म्हणाला, रस्त्यात तुमच्या कुत्रीला लघवी झाली होती. मी त्याला कारण सांगितले नाही. तुम्हालाच ते कळेल.

मला ऑफिसात कारकुनाची जागा मिळाली आहे, तूर्त कच्ची. हे ऑफिस हिवाळ्यात भोपाळला जाणार हे नक्की झाले. कपाटे आतापासूनच स्टेशनवर जाऊ लागली आहेत. साहेबांनी बाईसाहेबांना टेबलाखाली बसू देण्याचे कबूल केले आहे. आईला आणि मला जावे लागेल. तुमच्याशिवाय जायचे नाही असे आई म्हणते.

चौकीवरचा जो गडी परवा गावात आला होता त्याने सांगितले की तुम्हाला ताप आहे, अन्न जात नाही, आणि तुम्ही रजेचा अर्ज करून मंजुरीची वाट पाहत पडून आहात. काका, मी तुम्हाला सांगण्याएवढा मोठा नाही. पण बाईसाहेबांना जे शिकवायला तुम्ही गुडघे फोडून घेतलेत, ते तुम्ही स्वतः कधी करणार? मंजुरी येवो न येवो. नोकरी जाईल तर जाऊ द्या, आता मी कमावतो. मिळेल त्या मोटारीने, मिळेल त्या बैलगाडीने निघा. पडाववर मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येऊन थांबतो, बाईसाहेब बरोबर असतात. हुकमाची वाट पाहू नका. उठा आणि या.

पत्राच्या शेवटी आज्ञाधारक लिहायची पद्धत आहे. या पत्रात ते लिहीत नाही.

तुमचा पुतण्या